सर्वांना एकच माप : कायदा, नागरी हक्क आणि जैन समाज

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा सोहळा आहे, तसाच तो हिशेबाचाही प्रसंग आहे. पन्नास वर्षांत उभी राहिलेली वास्तू, पूजा-विधाने, पाठशाळा, चातुर्मास यांचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आलेला आहेच. परंतु एका गोष्टीची नोंद समाजाच्या वहीत सहसा होत नाही. ती गोष्ट म्हणजे कायदा. कायदा म्हटले की व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे नोटीस, विवरणपत्र आणि दंड उभा राहतो. मंदिरातील पूजेचे स्वातंत्र्य, संस्थेच्या मालमत्तेचे रक्षण, मुलांची शिष्यवृत्ती, मुलीचा वडिलार्जित संपत्तीतील वाटा हे सारे कायद्याच्याच आधाराने उभे आहे, हे मात्र ध्यानात राहत नाही. कायदा आणि शासनाचे धोरण यांनी सामान्य माणसाला कोणते हक्क दिले, त्या हक्कांचा लाभ जैन समाजाने कसा घेतला आणि इतरांच्या हक्कांच्या वेळी समाजाची वागणूक कशी राहिली, याचा विचार आजच्या प्रसंगी करणे उचित ठरेल.

गज आणि मीटर

आरंभ बाजारातील एका साध्या उदाहरणाने करावा. एके काळी मराठवाड्यात कापड गजाने, हाताने मोजले जाई. धान्य पायली-शेराने मापले जाई. शेराचे वजन गावागणिक बदले आणि माप ज्याच्या हातात असेल त्याच्या बाजूने ते किंचित झुके. निजामी राज्यात नाणेही वेगळे होते. हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार रुपया यांच्यातील बट्ट्याचा हिशेब व्यापारी जाणत असे. आठवडी बाजाराला आलेली शेतमजूर स्त्री जाणत नसे. १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणांचा केंद्रीय कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने मीटर आणि किलोग्रॅम सक्तीचे झाले. व्यापाऱ्यांनी सुरुवातीला कुरकुर केली. परंतु त्या दिवसापासून हिंगोलीच्या बाजारातील मीटर आणि मुंबईच्या बाजारातील मीटर एक झाला. अंगठा उठवणाऱ्या गिऱ्हाइकालाही तोच आणि सही करणाऱ्यालाही तोच.

नागरी हक्क म्हणजे याहून फार वेगळे काही नाही. माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, पुरुष की स्त्री, धनिक की निर्धन, हे न पाहता राज्याने त्याला एकाच मापाने मोजणे, हा नागरी हक्क होय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कमी मापाने मिळाले, त्यांची तूट भरून काढणे, हा सामाजिक न्याय होय.

जैन श्रावकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे खोटी वजने-मापे वापरणे हा एक अतिचार आहे, आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यवहार करणे हाही एक आहे. म्हणजे कायद्याचे पालन हा केवळ दंड टाळण्याचा उपाय नसून श्रावकाच्या व्रताचाच भाग आहे.

प्रजेचा नागरिक झाला

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यापासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात माणूस प्रजा होता, नागरिक नव्हता. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदेशानुसार परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. नवे प्रार्थनास्थळ बांधायचे तर सरकारच्या धर्मविषयक खात्याची मंजुरी लागे. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा मराठी भाषकांना आपली गाऱ्हाणी एकत्र येऊन मांडण्यासाठी एक व्यासपीठ मिळाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. वेठबिगारीविरुद्ध फर्माने निघत. पण ती अमलात आणणारा अधिकारी आणि वेठ घेणारा देशमुख-जहागीरदार एकमेकांना दुखवीत नसत. कागदावरचा नियम आणि गावातली रीत यांत किती अंतर असू शकते, याचा धडा या भूमीने तेव्हाच घेतला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना लागू झाली. १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एक मत मिळाले. वाड्याच्या मालकालाही एक आणि वाड्यात झाडलोट करणारीलाही एकच. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने जमीन कसणाऱ्या कुळाला संरक्षण दिले. पुढे महाराष्ट्रात १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. सावकारी आणि जमीनदारी असलेल्या अनेक घराण्यांना हे कायदे कडू लागले. त्यांत सर्व समाजांची घराणी होती आणि जैन घराणीही होती. काहींनी जमिनी नातेवाइकांच्या नावे फिरविल्या, काहींनी मोकळ्या मनाने कुळाला सातबारा मिळू दिला. ज्या जमिनी कुळाच्या नावे झाल्या, त्या जमिनी कसणाऱ्यांच्या मुला-नातवंडांनी पुढे त्याच बाजारपेठांत लग्नाचे बस्ते बांधले. न्याय झाल्याने बाजार बुडाला नाही, तो वाढला.

१९७२ च्या दुष्काळाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्या दुष्काळात मराठवाड्यात अनेक व्यापाऱ्यांनी आणि धार्मिक संस्थांनी अन्नदान केले, चारा दिला. ते पुण्यकार्यच होते. परंतु दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागतो. महाराष्ट्राने त्या अनुभवातून रोजगार हमी योजना वाढविली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. खडी फोडणारी स्त्री आता आश्रित राहिली नाही. ती हक्कदार झाली. महाराष्ट्राचाच हा विचार २००५ मध्ये राष्ट्रीय कायद्याने स्वीकारला. दानाची थोर परंपरा असलेल्या समाजाने दान आणि हक्क यांतील हा भेद नीट समजून घ्यावा.

मंदिराचे दार

आता एका नाजूक विषयाकडे वळणे आवश्यक आहे. तो टाळला तर हिशेब अपुरा राहील.

या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथची कथा येथील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळासमोरून उठविले, ते मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी ती कथा. लोकमनाने न्याय कोणाच्या बाजूला आहे ते शेकडो वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते. पण प्रत्यक्षात दारे उघडली नाहीत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. त्याच वर्षी मुंबई राज्यात हरिजन मंदिर प्रवेश कायदा झाला.

या कायद्याच्या व्याख्येत १९४८ मध्ये जैनांचाही समावेश करण्यात आला, तेव्हा समाजात मोठी खळबळ उडाली. जैन धर्म हा हिंदू धर्माची शाखा नसून स्वतंत्र धर्म आहे, ही भूमिका घेऊन चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी अन्नत्याग केला. तो तीन वर्षे चालला. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या जैन मंदिराचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी २४ जुलै १९५१ रोजी निकाल दिला. जो हक्क हिंदूंना आहे तोच हरिजनांना मिळावा, हा कायद्याचा हेतू आहे. जैन मंदिरात प्रवेशाचा कायदेशीर हक्क जर हिंदूंनाच नसेल, तर या कायद्याने तो हरिजनांनाही मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतर ऑगस्ट १९५१ मध्ये आचार्यश्रींनी अन्नग्रहण केले.

या घटनेचा उल्लेख समाजात नेहमी अभिमानाने होतो. जैन धर्माचे स्वातंत्र्य न्यायालयापुढे ठामपणे मांडले गेले, म्हणून तो अभिमान योग्यही आहे. परंतु कथा तेथे संपत नाही. घटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती. अनुच्छेद २५ ने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला आणि त्यासाठी ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश केला. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९५६ साली मुंबई राज्याने सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाचा नवा कायदा केला आणि त्यात जैन पूजास्थाने स्पष्ट शब्दांत समाविष्ट केली. १९५५ च्या त्या अधिनियमाचे नाव १९७६ मध्ये बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे ठेवण्यात आले. भारतीय कायद्यात ‘नागरी हक्क’ हे शब्द ज्या अधिनियमाच्या नावातच कोरले गेले, तो अधिनियम अस्पृश्यतेविरुद्धचा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

म्हणजे धर्माचे वेगळेपण हा एक प्रश्न होता आणि माणसाला जन्मावरून दाराबाहेर ठेवणे हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर समाजाची बाजू भक्कम होती. दुसऱ्या प्रश्नावर समाजाला कायद्याने नव्हे, तर स्वतःच्या धर्मग्रंथांनी उत्तर द्यायचे होते. उत्तराध्ययन सूत्रातील हरिकेशी मुनी चांडाळ कुळात जन्मले होते. दिगंबर परंपरेत अहिंसाणुव्रताच्या पालनासाठी ज्याचे नाव आदराने घेतले जाते, तो यमपाल चांडाळच होता. भगवान महावीरांच्या समवसरणात पशुपक्ष्यांनाही स्थान होते. ज्या धर्माची कथाच अशी आहे, त्या धर्माच्या मंदिरात शुचितेचे नियम सर्वांना सारखे असावेत, जन्माचा प्रश्न विचारला जाऊ नये, यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

कायदा आणि समाजाचे मन

केवळ कायद्याने किंवा ठरावाने काम भागत नाही, याचा सर्वांत वेदनादायक पुरावा मराठवाड्यातच आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दंगली उसळल्या, अनेक गावांत दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत या भागातील व्यापारी वर्ग बहुतांशी गप्प राहिला. दुकानाचे शटर ओढून घेणे हा त्या काळात सुरक्षित मार्ग होता. तो अहिंसेचा मार्ग होता असे म्हणता येणार नाही.

समाजाने वेगळा मार्ग दाखविल्याची उदाहरणे मात्र आहेत आणि ती याच महाराष्ट्रातील जैनांची आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. महाराजांच्या सामाजिक कार्यातील सहकारी आणि त्यांचे चरित्रकार अण्णासाहेब लठ्ठे हे जैन होते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. अस्पृश्यता नष्ट करणारा कायदा तेव्हा झालेला नव्हता. कायद्याने जे १९५० मध्ये सांगितले, ते भाऊरावांनी पाव शतक आधी वसतिगृहाच्या पंक्तीत करून दाखविले. त्यांच्या घरी मंगळसूत्र विकून मुलांच्या जेवणाची सोय झाली, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे.

संस्थेला कायद्याचे छत्र

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. १९५० चा हा कायदा म्हणजे धर्मादाय आयुक्तांची कटकट, असा एक समज आहे. नोंदणी, हिशेब तपासणी, फेरफार अहवाल या गोष्टी त्रासदायक वाटतात खऱ्या. परंतु या कायद्यापूर्वी देवस्थानांच्या जमिनी कोणाच्या घशात गेल्या, हे गावोगावी वृद्धांना माहीत होते. या कायद्यालाही आव्हान देणारे एक जैन गृहस्थच होते. एका श्वेतांबर जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी हा कायदा धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो असे म्हटले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. धर्मसंस्थेच्या मालमत्तेच्या कारभारावर राज्य कायद्याने नियंत्रण ठेवू शकते, हिशेब मागू शकते. परंतु धर्मसंस्थेचा कारभार स्वतः चालविण्याचा तिचा अधिकार काढून घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि धर्मादाय आयुक्तांना धार्मिक संस्थेचे विश्वस्त म्हणून नेमता येण्याची तरतूद अवैध ठरविली. आज देशातील सर्व धर्मांच्या संस्था या निकालाचा आधार घेतात. एका मंदिराने मागितलेला न्याय सर्वांच्या उपयोगी पडला.

तोच अनुभव सल्लेखनेच्या बाबतीत आला. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसमान गुन्हा मानण्याचा निर्णय दिला. देशभर जैन समाज शांतपणे रस्त्यावर उतरला आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. मराठवाड्यातील कुंथलगिरीवर १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, त्या भूमीतील लोकांना या स्थगितीचे मोल वेगळे सांगायला नको. संख्येने लहान असलेल्या समाजाला बहुमताचा नव्हे, घटनेचा आधार असतो, हे त्या एकवीस दिवसांत सर्वांना कळले.

अल्पसंख्याक दर्जा : घेणे आणि देणे

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या ४४ लाख ५१ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ०.३७ टक्के आहे. महाराष्ट्रात ती १४ लाख, म्हणजे सुमारे सव्वा टक्का आहे. राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळावी यासाठी समाजाने प्रदीर्घ लढा दिला. ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला तसा आदेश देण्यास नकार दिला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम १९९२ अन्वये जैनांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले.

या दर्जाचा अर्थ समाजातही पुरेसा समजलेला नाही. हा दर्जा म्हणजे नोकरीतील आरक्षण नव्हे. अनुच्छेद २९ व ३० नुसार आपली संस्कृती, भाषा व लिपी जतन करण्याचा आणि आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा हा अधिकार आहे. गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीच्या योजना त्यासोबत येतात. समाज सधन आहे असा समज असल्यामुळे समाजातील गरीब कुटुंबे मात्र दिसेनाशी होतात. गावातील लहान किराणा दुकान मोडल्यावर दुसऱ्याच्या पेढीवर कारकुनी करणारा गृहस्थ, विधवा सुनेच्या शिवणकामावर चालणारे घर, ही याच समाजातील माणसे आहेत. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कचेरीत जाण्याची त्यांना लाज वाटते आणि अर्जाची मुदत निघून जाते. हक्क कागदावर राहतो तो असा.

आता देण्याची बाजू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. ६ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या. या निकालाच्या योग्यतेविषयी सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. परंतु अल्पसंख्याक शाळेचे प्रमाणपत्र गरिबाच्या मुलाला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरायचे की आपली संस्कृती जपण्यासाठी, हा प्रश्न न्यायालयाचा नाही. तो समाजाचा आहे. कर्मवीर भाऊरावांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजाच्या शाळेत झाडूवाल्याचे मूल पहिल्या बाकावर बसलेले दिसावे. त्यासाठी सक्तीची गरज पडू नये.

घरातील न्याय

सर्वांत अवघड हिशेब घरातला असतो. २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४.१ टक्के होती. सर्व धर्मीयांत ती सर्वाधिक होती आणि स्त्रियांची साक्षरता ९० टक्क्यांच्या वर होती. परंतु त्याच जनगणनेने दुसराही आकडा दिला. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे देशात ९२७ मुली होत्या. जैन समाजात त्या ८७० होत्या. २०११ मध्ये हा आकडा ८८९ वर आला. तरीही तो देशाच्या सरासरीहून कमीच राहिला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राने १९९४ मध्ये. पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या समाजात मुली जन्मापूर्वीच कमी होत असतील, तर त्याला कोणत्या अतिचारात बसवायचे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने स्वतः करावा.

जन्मलेल्या मुलीच्या हक्काचे काय होते, तेही पाहावे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांना लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये त्यात सुधारणा करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम आहे. कायदा याहून स्पष्ट असू शकत नाही. तरीही वडिलांच्या तेराव्या दिवसानंतर महिन्या-दोन महिन्यांत बहिणीला माहेरी बोलावले जाते, साडीचोळी केली जाते आणि निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. ‘बहिणीने हौसेने सोडले’ असे सांगितले जाते. सही न केल्यास माहेर तुटेल, ही तिच्या मनातील भीती त्या दस्तात कोठेही नोंदली जात नाही. एखादी बहीण समजून-उमजून, स्वेच्छेने हक्क सोडत असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण तिला आधी मालमत्तेची यादी दाखविली गेली का, तिच्या वाट्याची किंमत सांगितली गेली का, विचार करायला वेळ दिला गेला का? दुकानातील भागीदाराला विभक्त करताना ताळेबंद मांडला जातो. बहिणीला तेवढाही मान मिळू नये, हे व्यवहारालाही धरून नाही.

संस्थेने काय करावे

या साऱ्या विवेचनाचा शेवट काही ठोस संकल्पांत व्हावा. संस्थेने दरवर्षी वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल मराठीत वाचून दाखवावा आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे. शाळा आणि महाविद्यालये सुरू होण्याच्या दिवसांत मंदिराच्या कार्यालयात दोन जाणकार युवकांनी बसून शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला आणि अल्पसंख्याक प्रमाणपत्राचे अर्ज भरून द्यावेत. कोणाचे घर गरीब आहे याची वाच्यता होऊ नये. समाजाच्या शिक्षणसंस्थांत इतर समाजांतील निर्धन मुलांसाठी स्वेच्छेने जागा राखाव्यात. पर्युषणात क्षमापनेच्या आधी ज्या भावांनी बहिणींची सही घाईने घेतली असेल, त्यांनी मालमत्तेचे कागद घेऊन बहिणीकडे जावे. आणि मंदिराच्या दारात येणाऱ्याला त्याचे आडनाव विचारू नये.

निजामी राज्यात या भूमीतील माणूस परवानगी मागत होता. आज तो हक्काने बोलू शकतो, पूजा करू शकतो, शाळा काढू शकतो. हा बदल लाखो लोकांच्या त्यागातून आणि घटनेच्या कृपेने झाला आहे. त्या घटनेचे संरक्षण घेताना तिची समता नाकारता येत नाही. ती एकाच कापडाच्या ताग्यातून आलेली आहेत. संस्थेची पुढील पन्नास वर्षे या जाणिवेने जावोत, अशी जिनेंद्रचरणी प्रार्थना. जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!